बॅरियर बेटांवरची जमीन: स्थानिक विकास आणि फेडरल संरक्षण यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, विशेषतः नॉर्थ कॅरोलायनात राहणाऱ्या मराठी कुटुंबांमध्ये समुद्रकाठी घर किंवा भूखंड घेण्याचा विषय निघाला की ‘तो भाग कोब्रामध्ये आहे’ असे वाक्य कधी ना कधी कानावर पडते (‘कोब्रा’ हा किनाऱ्यावरच्या मोकळ्या जमिनीविषयीचा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, कायदा), आणि त्याचा अर्थ मात्र प्रत्येक जण वेगळा सांगतो. कोणी म्हणते तिथे बांधकामाला बंदी आहे, कोणी म्हणते तो जुना कायदा आता कोणी पाळत नाही. दोन्ही चूक आहे. घर घेण्याच्या निमित्ताने आलेल्या प्रश्नांबरोबरच या किनाऱ्यावर चाळीस वर्षे चाललेल्या वादाविषयीचे प्रश्नही येथे घेतले आहेत, कारण एकाचे उत्तर दुसऱ्याशिवाय कळत नाही.

बॅरियर बेट म्हणजे नेमके काय?

मुख्य भूमीला समांतर, समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये आडवा पसरलेला वाळूचा लांबट, अरुंद पट्टा म्हणजे बॅरियर बेट. नॉर्थ कॅरोलायनाचे आउटर बँक्स, टेक्ससचे पाद्रे आयलंड, न्यू यॉर्कचे फायर आयलंड ही त्याची ठळक उदाहरणे. कोकणातल्या वाचकाला मालवणजवळचे देवबाग डोळ्यांसमोर आणता येईल. ते बेट नाही, एका टोकाला जमिनीला जोडलेला वाळूचा दांडा आहे. पण एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये वाळूवर वसलेली वस्ती हे चित्र तेच.

कायद्याच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की हा पट्टा जागेवर राहत नाही. मोठ्या वादळात लाटा वाळूच्या टेकड्या ओलांडतात, समुद्राकडची वाळू उचलून मागच्या खाजणात नेऊन टाकतात, आणि पुन्हापुन्हा हेच होत गेल्यामुळे अख्खे बेट हळूहळू मुख्य भूमीकडे लोळत जाते. काठाने वाहणारे प्रवाह एका टोकाची वाळू दुसऱ्या टोकाला नेतात. एखादे वादळ बेटाच्या मधोमध नवे मुखही पाडते: २००३ मध्ये इझाबेल चक्रीवादळाने हटेरास बेट असेच तोडले होते आणि लष्कराच्या अभियंता दलाला ती फट वाळू टाकून बुजवावी लागली. बेटाच्या दृष्टीने यात नुकसान काहीच नाही, कारण असे सरकत राहूनच ते टिकते. नुकसान होते ते त्यावर पक्का पाया घालून बसलेल्या वस्तूंचे. हटेरासचे प्रसिद्ध दीपगृह १९९९ मध्ये उचलून सुमारे २९०० फूट आत नेण्यात आले. दीपगृह एकच होते, त्यामुळे ते परवडले.

‘कोब्रा’ हा कायदा कोणता?

त्याचे पूर्ण नाव ‘कोस्टल बॅरियर रिसोर्सेस अॅक्ट’. आद्याक्षरांचा उच्चार लोक ‘कोब्रा’ असा करतात. नोकरी सुटल्यावर आरोग्यविमा चालू ठेवण्यासाठीचा जो ‘कोब्रा’ अमेरिकेतल्या प्रत्येक नोकरदाराला ठाऊक आहे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. आणि मराठी माणसाच्या मनात येणारा तिसरा अर्थ तर येथे गैरलागूच आहे.

राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १८ ऑक्टोबर १९८२ रोजी या कायद्यावर सही केली. ऱ्होड आयलंडचे सिनेटर जॉन चेफी आणि डेलावेअरचे प्रतिनिधी थॉमस एव्हन्स हे त्याचे मुख्य पुरस्कर्ते, दोघेही रिपब्लिकन. अटलांटिक आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरच्या, तोवर मोकळ्या राहिलेल्या १८६ जागा नकाशावर आखून त्यांची एक प्रणाली करण्यात आली आणि या हद्दीत नव्या विकासाला फेडरल सरकारचा पैसा मिळणार नाही असे ठरले. १९९० च्या दुरुस्तीने ग्रेट लेक्सचा काठ, फ्लोरिडा कीज, प्वेर्तो रिको आणि व्हर्जिन आयलंड्स येथील जागाही त्यात आल्या. आज ही प्रणाली पस्तीस लाखांहून अधिक एकरांची असून त्यातला मोठा भाग खाजण, खाडी आणि उथळ पाण्याखालची जमीन यांचा आहे. देखरेख ‘फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस’ या खात्याकडे असते.

म्हणजे तेथे बांधकामाला बंदी आहे का?

नाही. हा कायदा कोणालाही ‘बांधू नका’ असे सांगत नाही. झोनिंग, बांधकाम परवाना आणि समुद्रापासून सोडायचे अंतर हे विषय राज्य, काउंटी आणि नगर यांच्याच अखत्यारीत राहतात. कायदा सांगतो ते एवढेच की आपली जमीन आहे, आपली हौस आहे, तर जोखीमही आपली असू द्या. ती आयोवातल्या शेतकऱ्याच्या किंवा ओहायोतल्या शिक्षिकेच्या कराच्या पैशातून उचलली जाणार नाही.

रेगन यांच्यासारख्या, सरकारी नियंत्रणांना सहसा विरोध करणाऱ्या अध्यक्षांना हे पटले ते याच कारणाने. पर्यावरणवाद्यांना मोकळी बेटे हवी होती आणि काटकसरवाद्यांना खर्च कमी करायचा होता. दोघांना एकाच मसुद्यावर सही करता आली. माझ्या मते या कायद्याची ताकद आणि त्याची मर्यादा दोन्ही याच एका गोष्टीत आहेत: तो पैशाच्या भाषेत बोलतो, त्यामुळे ज्याच्याकडे दुसरीकडून पैसा येतो त्याला तो थांबवू शकत नाही.

कोणती मदत बंद होते आणि कोणती चालू राहते?

सर्वांत जास्त जाणवते ती राष्ट्रीय पूरविमा योजनेची अनुपस्थिती. १९६८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत घरासाठी अडीच लाख आणि सामानासाठी एक लाख डॉलरपर्यंत विमा मिळतो. हद्दीतल्या नव्या घराला तो मिळत नाही. फेडरल गृहनिर्माण प्रशासनाची किंवा माजी सैनिक खात्याची कर्जहमी मिळत नाही. नवे रस्ते, पूल, विमानतळ, पाण्याच्या वाहिन्या किंवा सांडपाण्याच्या योजना यांना फेडरल अनुदान नाही. धूपप्रतिबंधक बंधारे आणि किनाऱ्याला वाळूचा भराव घालण्याच्या योजना यांनाही बहुतांशी नाही. अन्यत्र अशा भरावाच्या पहिल्या टप्प्याचा ६५ टक्के खर्च फेडरल सरकार उचलत असते, हे लक्षात घेतले म्हणजे नगरांची कळ कुठे आहे ते समजते.

अपवादही आहेत. आधीपासून असलेल्या जलमार्गांची देखभाल, लष्कर आणि तटरक्षक दलाची कामे, मोठ्या रस्तेजाळ्यातला आवश्यक दुवा असलेल्या सार्वजनिक रस्त्यांची दुरुस्ती, वन्यजीवांचा अभ्यास, आणि जीव वाचवण्यासाठी लागणारी तातडीची कामे यांना खर्च करता येतो. मात्र त्यांतल्या बहुतेकांसाठी आधी फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसशी सल्लामसलत करावी लागते. वादळ आले तर हद्दीतल्या माणसांना सोडवायला कोणी येणार नाही, ही समजूत निराधार आहे.

बँकेचे साधे गृहकर्ज आणि खासगी कंपनीचा पूरविमा यांना कायद्याची आडकाठी नाही. खासगी विमा परवडेल का, हा प्रश्न वेगळा.

१९८२ मध्ये ‘मोकळी’ जमीन ठरवली कशी?

दोन कसोट्या होत्या. पहिली घनतेची: भरतीच्या वरच्या कोरड्या जमिनीवर पाच एकरांमागे एकापेक्षा कमी इमारत असावी. दुसरी सोयींची: प्रत्येक भूखंडापर्यंत पक्का रस्ता, पाणी, वीज आणि सांडपाण्याची व्यवस्था या चारही गोष्टी पोहोचलेल्या नसाव्यात. कागदावर मंजूर झालेला लेआउट किंवा विकासकाची योजना यांना किंमत नव्हती. त्या तारखेला जमिनीवर प्रत्यक्ष काय उभे होते, तेच पाहिले गेले. पुढची जवळजवळ सगळी भांडणे या एका वाक्यातून निघाली आहेत.

माझे घर हद्द आखण्यापूर्वीचे आहे. मला पूरविमा मिळेल का?

मिळेल, मात्र बांधकामाचा परवाना आणि बांधकाम हद्दीच्या तारखेच्या आधीचे असल्याची कागदपत्रे हवीत. ही सवलत घराबरोबर कायमची चिकटलेली नसते. इमारतीच्या बाजारमूल्याच्या निम्म्याइतके किंवा त्याहून अधिक नुकसान झाले, अथवा तेवढ्या किमतीचे नूतनीकरण केले, तर पात्रता संपते. जुने घर घेऊन ‘नंतर सावकाश वाढवू’ असा बेत असणाऱ्यांनी हे आधीच पाहावे.

नकाशावर काही हद्दींपुढे ‘पी’ हे अक्षर असते. त्याचा अर्थ काय?

राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये, राज्य उद्याने आणि संवर्धन संस्थांच्या जागा अशा प्रामुख्याने आधीच संरक्षित असलेल्या जमिनींचा हा वेगळा वर्ग १९९० मध्ये करण्यात आला. तेथे फक्त पूरविमा बंद असतो. बाकीच्या फेडरल खर्चावर या कायद्याची बंदी नसते. अशा हद्दीत कधीकधी एखादा खासगी भूखंड अडकलेला असतो, तेव्हा विक्रेत्याने तो ‘कोब्रात नाही’ म्हटले तरी विम्यापुरता तो आहेच.

नॉर्थ टॉपसेल बीचचा वाद इतका का गाजतो?

कारण कायद्याचा हेतू आणि जमिनीवरचे वास्तव यांच्यातली सर्वांत मोठी दरी तेथे दिसते. टॉपसेल हे नॉर्थ कॅरोलायनाचे सुमारे २६ मैल लांबीचे बेट. त्याचा उत्तरेकडचा बराचसा भाग १९८२ च्या मूळ यादीत ‘एल ०६’ या क्रमांकाने आला. जमीनमालक न्यायालयात गेले. १९८५ मध्ये चौथ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने त्यांच्या विरोधात निकाल दिला. नॉर्थ टॉपसेल बीच हे नगर मात्र रीतसर स्थापन झाले १९९० मध्ये, म्हणजे हद्द आधी आली आणि नगर नंतर. आज नगराच्या सुमारे अकरा मैल समुद्रकिनाऱ्यापैकी निम्म्याहून जास्त किनारा हद्दीत आहे आणि त्या हद्दीत शेकडो घरे आणि कॉन्डोच्या बहुमजली इमारती उभ्या आहेत.

नगराचे म्हणणे असे की १९८२ मध्येच तेथे रस्ता, वीज आणि पाणी होते, त्यामुळे ती जमीन मोकळी धरणे ही मुळातली चूक आहे. आणि एकाच नगरातल्या दक्षिणेकडच्या रहिवाशाला फेडरल मदत मिळावी, त्याच करदराने कर भरणाऱ्या उत्तरेकडच्याला मिळू नये, हा अन्याय आहे. फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसचे म्हणणे असे की चारही सोयी प्रत्येक भूखंडापर्यंत पोहोचलेल्या नव्हत्या, आणि नंतर ज्यांनी बांधले त्यांनी हद्द ठाऊक असताना बांधले. हद्द काढून टाकण्यासाठी विधेयके पुन्हापुन्हा मांडली गेली आहेत; ‘एल ०६’ जागच्या जागी आहे.

न्यू रिव्हरच्या मुखाकडे गेल्यावर हा वाद डोळ्यांनी दिसतो. किनाऱ्यावरच्या घरांच्या ओळीपुढे वाळूने भरलेल्या प्रचंड गोण्यांची भिंत रचलेली आहे. एकेक गोणी मोटारीएवढी, कापड उन्हाने पिवळट पडलेले, काही ठिकाणी फाटून आतली वाळू वाहून गेलेली. भरतीच्या वेळी लाटा गोण्यांवर आपटतात आणि पुळण उरतच नाही. जिन्याच्या शेवटच्या पायरीखाली थेट पाणी असते. नॉर्थ कॅरोलायनात समुद्राकाठी दगडी किंवा काँक्रीटच्या भिंती बांधायला १९८५ पासून मनाई आहे, म्हणून ‘तात्पुरत्या’ गोण्या. या राज्यात तात्पुरत्या गोण्या किती वर्षे टिकतात, हा चेष्टेचा विषय झाला आहे. आपल्याकडच्या ‘तात्पुरत्या’ पत्र्याच्या शेडची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

वर्षभर राहणारी वस्ती हजाराच्या घरात असलेल्या नगराने मैलोन्‌मैल किनाऱ्याला स्वतःच्या पैशाने वाळू घालायची म्हटले की मालमत्ता कर, पर्यटकांच्या मुक्कामावरचा कर आणि राज्याचे अनुदान एवढेच स्रोत उरतात. नगरपरिषदेतली माणसे हट्टी आहेत म्हणून ती संसदेचे दार ठोठावतात असे नाही. त्यांचा हिशेबच जुळत नाही. तरीही माझे मत असे की हिशेब न जुळणे हीच त्या जमिनीबद्दलची खरी माहिती आहे आणि कायदा ती लपवू देत नाही, एवढेच. यात अन्याय कोणावर झाला असेल तर तो हद्दीची नीट कल्पना न देता ज्याला घर विकले गेले त्या नंतरच्या खरेदीदारावर.

हद्द बदलता येते का आणि कोण बदलतो?

नगर, काउंटी, राज्यपाल यांपैकी कोणालाही ती बदलता येत नाही. थोडे अपवाद सोडले तर खात्यालाही नाही. हद्दीचे नकाशे हा कायद्याचाच भाग असल्याने बदलासाठी संसदेने नवा कायदा करावा लागतो. नैसर्गिक धुपेमुळे बेटाचा आकार बदलला तर खाते दर पाच वर्षांच्या आढाव्यात तेवढा किरकोळ बदल करू शकते.

मूळ नकाशे हाताने आखलेले होते आणि जाड रेघेच्या रुंदीतच एखादे घर बसत असे. अशा चुका सुधारण्यासाठी नकाशे संगणकावर नव्याने करण्यात आले आणि डिसेंबर २०१८ व नोव्हेंबर २०२४ मध्ये झालेल्या कायद्यांनी ते मोठ्या प्रमाणावर लागू केले. २०२४ च्या कायद्याने, सँडी चक्रीवादळानंतर ईशान्य आणि मध्य अटलांटिक राज्यांत झालेल्या फेरआखणीनुसार, अडीच लाख एकरांहून अधिक क्षेत्र प्रणालीत आले आणि चुकीने अडकलेल्या काही मालमत्ता सुटल्या. कोणाला वगळायचे याची कसोटी मात्र जुनीच राहिली: त्या तारखेला जमिनीवर काय होते? नंतर किती घरे झाली, हा मुद्दा धरला जात नाही. धरला असता तर आधी बांधा आणि मग हद्द काढून घ्या, असा रस्ताच तयार झाला असता.

वाळू कोठून उचलायची यावर एवढे रण का माजले?

वरवर पाहता प्रश्न क्षुल्लक वाटतो. हद्दीबाहेरच्या नगराच्या किनाऱ्याला भराव घालायला फेडरल पैसा चालतो. पण ती वाळू हद्दीच्या आतल्या खाडीमुखातून उपसली तर? फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस ज्याच्या हाताखाली येते त्या अंतर्गत व्यवहार खात्याच्या १९९० च्या दशकातल्या कायदेशीर मताप्रमाणे ते चालत नव्हते. नॉर्थ कॅरोलायनातले राइट्सव्हिल बीच, न्यू जर्सीतले स्टोन हार्बर आणि साउथ कॅरोलायनातले फॉली बीच यांना ही अट जाचत होती, कारण खाडीच्या मुखातली वाळू जवळ असते, स्वस्त पडते आणि दाण्याने किनाऱ्याशी जुळते. खोल समुद्रातून ड्रेजरने वाळू आणायची तर खर्च कितीतरी वाढतो.

नोव्हेंबर २०१९ मध्ये अंतर्गत व्यवहार मंत्री डेव्हिड बर्नहार्ट यांनी अर्थ बदलला आणि अशा उपशाला वाट मोकळी केली. नॅशनल ऑड्युबॉन सोसायटी या पक्षीसंरक्षण संस्थेने २०२० मध्ये त्याविरुद्ध दावा केला. तिचा मुद्दा असा होता की खाडीमुखाजवळचे वाळूचे उथळ पट्टे हीच पायपिंग प्लोव्हरसारख्या, आपल्या चिलख्यांच्या कुळातल्या पक्ष्यांची चरायची जागा असते, आणि तीच वाळू बेटाला पुढे टिकवणार असते. २०२१ मध्ये नव्या प्रशासनाने तो अर्थ मागे घेतला. राइट्सव्हिल बीचसाठी मग खोल समुद्रातल्या जागेची पाहणी झाली तेव्हा तळाशी जुने टायर विखुरलेले आढळले. कधीकाळी माशांसाठी कृत्रिम प्रवाळभित्ती म्हणून टाकलेले टायर सुटून पसरले होते. पुळणीवर टायरचे तुकडे कोणालाच नको होते. अखेर २०२४ च्या कायद्यात, आधीपासून अशी वाळू वापरत आलेल्या ठरावीक फेडरल योजनांपुरती सूट देण्यात आली.

मला ही तडजोड वाईट वाटत नाही. आधीपासून चाललेल्या मोजक्या योजनांना अट घालून सूट देणे हे सगळ्यांसाठी शब्दाचा अर्थ ताणण्यापेक्षा प्रामाणिक आहे.

या कायद्याने खरोखर काही साधले का?

साधले, पण सर्वत्र सारखे नाही. संसदेच्या हिशेब तपासणी कार्यालयाने २००७ मध्ये केलेल्या पाहणीनुसार सुमारे ८४ टक्के हद्दी अविकसितच राहिल्या होत्या, १३ टक्क्यांमध्ये किरकोळ बांधकाम झाले होते आणि सुमारे ३ टक्क्यांमध्ये शंभर किंवा त्याहून अधिक इमारती उभ्या राहिल्या होत्या. त्या अहवालाने श्रेय मात्र जपून वाटले. अनेक जागा कायद्याशिवायही मोकळ्या राहिल्या असत्या: कुठे बांधण्याजोगी कोरडी जमीनच नव्हती, कुठे पोहोचायला पूल नव्हता, कुठे जागा संवर्धन संस्थेच्या ताब्यात होती. उलट जेथे स्थानिक सरकारला विकास हवा होता, मागणी जबर होती आणि खासगी विमा मिळत होता, तेथे बांधकाम झालेच. काही फेडरल संस्थांनी मनाई असतानाही हद्दीत मदत दिल्याचे त्याच तपासणीत निघाले, हेही सांगायला हवे.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की १९८९ ते २०१३ या काळात या कायद्यामुळे फेडरल आपत्तीखर्चात साडेनऊ अब्ज डॉलर वाचले. पूरविमा योजनेवर आज वीस अब्ज डॉलरहून अधिक कर्ज आहे आणि त्याआधीचे १६ अब्ज २०१७ मध्ये संसदेने माफ केले होते, हे आकडे शेजारी ठेवले की त्या बचतीचे वजन कळते. शेजारच्या हद्दीबाहेरील जमिनीवर मात्र विकासाचा दाब वाढतो. तो नाहीसा होत नाही, सरकतो.

हा खासगी मालमत्तेच्या हक्कावर घाला नाही का?

हा आक्षेप न्यायालयात टिकलेला नाही, आणि का टिकला नाही हे समजण्यासाठी साउथ कॅरोलायनातला लुकास खटला पाहावा. आइल ऑफ पाम्स या बॅरियर बेटावर १९८६ मध्ये ९ लाख ७५ हजार डॉलरला घेतलेल्या दोन भूखंडांवर, १९८८ च्या राज्य कायद्यामुळे घर बांधणे अशक्य झाले. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की नियमामुळे जमिनीची आर्थिक उपयुक्तता पूर्णपणे संपत असेल तर, काही मर्यादित अपवाद वगळता, भरपाई द्यावी लागेल. राज्याला शेवटी ते भूखंड विकत घ्यावे लागले. आणि ज्या राज्याने तेथे बांधू नये म्हणून इतकी वर्षे लढा दिला, त्यानेच ते नंतर घरबांधणीसाठी विकून टाकले.

बंदी घातली तर भरपाईचा प्रश्न येतो. ‘कोब्रा’ कायदा बंदी घालत नाही, फक्त मदत देत नाही. आणि सरकारी मदत हा कोणाचा मालमत्ता हक्क नव्हे.

समुद्रात कोसळणाऱ्या घरांची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली आहे. ती घरे याच हद्दीतली का?

रोडँथी आणि बक्स्टन या हटेरास बेटावरच्या गावांतली ती घरे आहेत आणि ही गावे ‘कोब्रा’ हद्दीबाहेर आहेत. त्यांच्याभोवतीचा समुद्रकिनारा राष्ट्रीय उद्यान सेवेचा आहे. २०२० ते २०२५ या काळात तेथे वीसहून अधिक घरे समुद्रात गेली. उलट बाजूचा धडा येथे मिळतो, कारण या घरांना फेडरल पूरविमा मिळू शकतो, आणि तो घर पडल्यावर पैसे देतो. पडण्याआधी ते पाडायला किंवा मागे न्यायला देत नाही. १९८७ ते १९९४ या काळात तशी तरतूद होती, ती रद्द झाली. परिणामी मालक थांबून राहतो, घर कोसळते, आणि खिळे, इन्सुलेशनचे तुकडे, सेप्टिक टँकची झाकणे मैलोन्‌मैल सार्वजनिक पुळणीवर पसरतात. उद्यान सेवेने २०२३ मध्ये अशी दोन घरे विकत घेऊन आधीच पाडली. असे प्रत्येक घराच्या बाबतीत करण्याइतका पैसा तिच्याकडे नाही.

मग स्थानिक सरकारने करायचे तरी काय?

बरेच काही करता येते. धूप धरून समुद्रापासूनचे अंतर ठरवणे, मोठ्या घरांना जास्त अंतर लावणे, नवी सांडपाणी वाहिनी हद्दीत न नेणे, बांधकामाचे हक्क बेटावरून मुख्य भूमीवर हस्तांतरित करू देणे, वादळात पडलेले घर त्याच जागी उभे करू न देणे. मेनसारख्या राज्याने फेडरल कायद्याच्याच धर्तीवर राज्याचा पैसाही अशा जागी रोखला आहे. अडचण इच्छेची आहे. नगराच्या तिजोरीत मालमत्ता कर समुद्रासमोरच्या घरांतूनच सर्वाधिक येतो, आणि ज्या रांगेला मागे हटवायचे तीच रांग शाळा, पोलीस आणि कचरागाडीचा खर्च भागवत असते. या गुंत्याकडे न पाहता नगरांना लोभी ठरवणे सोपे आहे.

भूखंड किंवा घर घेण्याआधी काय तपासावे?

फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसच्या संकेतस्थळावर हद्दींचा नकाशा आहे; पत्ता टाकला की जागा आत की बाहेर ते दिसते आणि तसे पत्रकही छापून घेता येते. जागा रेषेपासून २० फुटांच्या आत असेल तर खात्याकडून अधिकृत निर्णय मागवावा लागतो. त्यानंतर खासगी पूरविम्याचे लेखी कोटेशन घ्यावे, आणि तेही व्यवहार पक्का करण्यापूर्वी. दलाल ‘विमा मिळतो’ म्हणाला तर किती डॉलरला आणि किती वर्षांच्या हमीने, हे विचारावे. घर भरतीच्या वेळी जाऊन पाहावे. ओहोटीला प्रत्येक पुळण रुंद दिसते.

भारतातल्या सीआरझेडशी याची तुलना होते का?

वरवरच. १९९१ मध्ये आलेली आणि २०११ व २०१९ मध्ये बदललेली सागरी किनारा नियमन अधिसूचना भरतीरेषेपासून अंतर मोजून काय चालेल आणि काय नाही ते ठरवते. ग्रामीण भागात २०० मीटरचा ना-विकास पट्टा होता, तो दाट वस्तीच्या गावांसाठी २०१९ मध्ये ५० मीटर झाला. तो परवानगीचा कायदा आहे, अमेरिकेतला पैशाचा. देवबागेत वर्षानुवर्षे मागणी होत आली ती धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची, आणि तो सरकारी खर्चातूनच होतो. तेथे पिढ्यान्‌पिढ्या मच्छीमार राहत आले आहेत; त्यांना ‘जोखीम तुमची’ म्हणणे आणि टॉपसेलवर दुसरे घर बांधणाऱ्याला तसे म्हणणे या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

आम्ही फक्त आठवडाभर घर भाड्याने घेणार आहोत. आम्हाला या कायद्याचा काही त्रास?

नाही. चक्रीवादळाच्या काळात, म्हणजे जून ते नोव्हेंबरमध्ये जात असाल तर भाडे परत मिळण्याची अट वाचून घ्यावी, आणि बेट रिकामे करण्याचा आदेश आला की त्याच दिवशी निघावे, कारण अशा बेटांवरून बाहेर पडायला एक-दोनच पूल असतात.